मराठीला दंड न लावणारा इंग्रजीचा क्लास

तीन महिने पूर्ण झाले, म्हणून लिहितो. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. आयटीआय फिटर, वीस वर्षं नोकरी, दीड वर्षापूर्वी शिफ्टचा सुपरवायझर झालो. तेव्हापासून हातात पाना कमी आणि पेन जास्त. हँडओव्हर रजिस्टर इंग्रजीत, ब्रेकडाऊन रिपोर्ट इंग्रजीत, आणि वर्षातून दोनदा मशीनच्या कंपनीचा जर्मन इंजिनिअर येतो, त्याच्याशी बोलणंही इंग्रजीतच. शाळा माझी मराठी माध्यमाची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, तोवर मी शाळेतून बाहेर पडलो होतो.

याआधी एका मोठ्या क्लासला पैसे भरले होते. तिथे दाराच्या आत मराठी-हिंदी बंद. एक शब्द निघाला की दहा रुपये डब्यात. मी पंधरा दिवस तोंडच उघडलं नाही. माझ्यासारखे अर्धे लोक तिथे मागच्या बाकांवर गप्प बसून घरी जायचे. फी परत मिळाली नाही याचं वाईट वाटतंच, पण वीस वर्षं मशीनचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस तिथे दीड तास मुका बसतो, याचं जास्त वाटलं.

हा दुसरा क्लास सुभाष नगर मेट्रो स्टेशनवरून पायी सात-आठ मिनिटांवर आहे. सुटी झाली की लोकमान्य नगरला मेट्रोत बसायचं आणि इथे उतरायचं, त्यामुळे एमआयडीसीवाल्यांना सोयीचा. एका निवृत्त शिक्षिकेच्या घराची पुढची खोली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेआठ, तीन महिन्यांचे साडेचार हजार. आम्ही चौदा जण होतो.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "हिंदी कुठे शिकलात?" कोणालाच सांगता येईना. नागपुरात हिंदी शिकावी लागत नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन्ही भाषा इथे शेजारी शेजारी नांदल्या. पानठेल्यावर हिंदी, घरात मराठी, आणि मधे कुठे गाडी बदलली ते आपल्याला कळतही नाही. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दुसरी भाषा एकदा शिकलेलेच आहात. ही तिसरी. मग काहून घाबरता भाऊ?" हे वाक्य माझ्या कामी आलं.

शिकवण्याची रीत सांगतो, कारण खरी किंमत तिचीच आहे. मी रजिस्टरात नेहमी 'बेअरिंग इज चेंज्ड' लिहायचो. मॅडमनी ते खोडलं नाही. फळ्यावर मराठीत लिहिलं: मी बेअरिंग बदललं, मी साखळी बदलली, मी पट्टा बदलला. मग विचारलं, क्रियापद कोणाचं ऐकतंय? बेअरिंगचं, साखळीचं, पट्ट्याचं. 'मी'चं ऐकतच नाही. म्हणून लिहिताना आपलं डोकं वस्तूकडे धावतं. इंग्रजीत काहीही बदला, 'आय चेंज्ड' तेच राहतं. मग पुढचं पाऊल: 'बदललं' आणि 'बदललं आहे'. पुढच्या शिफ्टला मशीन आता चालू स्थितीत आहे हे कळवायचं तर 'हॅव चेंज्ड'. पण काल रात्री दोन वाजता, असं लिहिलं की फक्त 'चेंज्ड'. मराठीत 'काल बदललं आहे' चालून जातं, इंग्रजीत नाही. शाळेत या काळाचं नाव पाठ केलं होतं. तो मला आधीपासून येतो हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

'आपण' आणि 'आम्ही'चंही तसंच. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वी'. जर्मन इंजिनिअरला "वी विल ओपन द गिअरबॉक्स" म्हटलं तर आमची टीम उघडणार की त्याच्यासोबत मिळून उघडणार, हे त्याला कळायचा मार्ग नाही. मागच्या वर्षी याच गोंधळात तो येईपर्यंत आम्ही अर्धा गिअरबॉक्स खोलून ठेवला होता. मॅडमनी 'वी, द मेंटेनन्स टीम' असं उघड सांगायला शिकवलं. आणि 'हा या महिन्यातला कितवा ब्रेकडाऊन?' याला इंग्रजीत सरळ शब्दच नाही, वाक्य फिरवून 'याआधी किती झाले' असं विचारावं लागतं. ही उणीव इंग्रजीची आहे, माझी नाही, हे कोणी तरी आधी सांगायला हवं होतं.

उच्चारात एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली, ती म्हणजे व्हॉल्व्ह. आम्ही सगळे 'वाल' म्हणतो, आणि परदेशी माणसाला त्यात भिंत ऐकू येते. लिहिताना आपण 'व्ह' लिहितो, बोलताना मात्र सरसकट 'व'. वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, आणि 'वॉटर' म्हणताना ओठ गोल करायचे. आठ दिवस आरशासमोर केलं.

बाकी उच्चारांसाठी त्या कोणाला छळत नाहीत. आमच्यातला एक मुलगा विमानतळावर नोकरीला आहे. त्याने सांगितलं की पायलट आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय मोजणीत सहा पायऱ्या असतात, चौथी गाठली की काम करता येतं, आणि चौथीवर उच्चारात मातृभाषेची छाप चालते, ऐकणाऱ्याला समजायला अडचण फक्त कधीकधीच यावी एवढंच. आकाशात जे चालतं ते हिंगण्यात का चालू नये?

जूनमध्ये जर्मन इंजिनिअर आला. हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह गळत होता. मी बोललो, त्याला पहिल्याच वेळी समजलं. तो स्वतः 'वॉटर'ला 'व्हॉटर' म्हणतो, कारण त्यांच्या भाषेत डब्ल्यूचा उच्चार 'व्ह' होतो. एका शब्दासाठी त्याने मोबाइल काढून पाहिला. त्याचंही इंग्रजी शिकलेलंच आहे हे दोन वर्षं माझ्या समोर होतं, मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी चाळीस मिनिटं आम्ही दोघंच बोललो, मॅनेजर साहेबांना मधे बोलवावं लागलं नाही.

आता उणिवा. मे महिन्यात खोलीतला कूलर इतका आवाज करतो की छोट्या स्पीकरवरचं ऐकण्याचं पाठ मागच्या रांगेत पोचत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करा म्हणता येत नाही. हेडफोनची सोय हवी. झेरॉक्स पुस्तिकेत हॉटेलात ऑर्डर देणं, टॅक्सी बोलावणं असले धडे आहेत, कामगाराच्या उपयोगाचं त्यात फार थोडं; आमचं रजिस्टर आम्हीच नेलं म्हणून ते शिकवलं गेलं. आणि पाळीवाल्यांची अडचण मोठी. दुसरी पाळी लागली की अख्खा आठवडा बुडतो. मॅडम धडा आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवतात, पण समोर बसून बोलणं त्यात होत नाही. रविवारी सकाळी एक बॅच काढा म्हणून आम्ही पाच जणांनी विनंती केली आहे. त्यांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं आहे.

ज्याला चार दिवसांत फाडफाड बोलायचं आहे त्याने इथे येऊ नये. ज्याला रोज काही लिहावं लागतं त्याने यावं, आणि येताना आपल्या कामाचा खरा कागद सोबत आणावा.