नागपुरातील तर्री पोहे आणि सावजी जेवण : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आईच्या उपचारासाठी हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावाहून गेल्या दिवाळीपासून नागपूरला नियमित जावे लागते. पहाटेची एस.टी. जांब, बुटीबोरी करत सकाळीच शहरात पोहोचत असल्याने नाश्ता आणि दुपारचे जेवण दोन्ही बाहेरच होते. इतक्या महिन्यांनंतर माझे मत ठाम झाले आहे: मालक स्वतः कढईपाशी उभा असतो अशा लहान ठिकाणासारखे अन्न मोठ्या हॉटेलात मिळत नाही, मात्र तेथे त्यांच्या वेळेला पोहोचले पाहिजे.

तर्री पोह्यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. फोडणी दिलेले जाड पोहे मोठ्या पातेल्यात वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे ते गरम व मऊ राहतात. परंतु वाफ फार वेळ लागली की दाणा मोडतो आणि त्यावर तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा, पडताच सगळ्याचा लगदा होतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास घेतलेल्या प्लेटमध्ये प्रत्येक दाणा वेगळा दिसतो, काळे हरभरे बोटाने दाबले तर सहज फुटतात, आणि वर चिरलेला कांदा, सांबार (कोथिंबीर) व लिंबाची फोड ताजी असते. बसस्थानकाजवळच्या एका ठिकाणी अकरानंतर हेच पोहे घेतले, तेव्हा कांदा कडवट लागला आणि तर्रीला जुन्या तेलाचा वास होता. एकदा वापरलेले तेल पुन्हा किती तापवावे याला कायद्याने मर्यादा आहे. 1 जुलै 2018 पासून त्यातील पोलर घटक (तेल वारंवार तापवल्याने तयार होणारे पदार्थ) 25 टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत. ग्राहकाला ते मोजता येत नाही, पण वास आणि काळपट रंग पुरेसे सांगून जातात. आता आम्ही जातो तेथील काका आईला पाहताच, "माय, तुम्हाले हरभरे जास्त देतो, तर्री बेताची," असे म्हणून प्लेट भरतात.

दुपारचे जेवण सावजी भोजनालयात. हा स्वयंपाक नागपूरच्या हलबा कोष्टी विणकर समाजाचा. मसाला गडद भाजून वाटलेला असल्यामुळे रस्सा काळसर दिसतो आणि तिखट पहिल्या घासाला नव्हे, तर तिसऱ्या-चौथ्या घासाला चढते. मी मटण घेतो. आई शाकाहारी असल्याने तिच्यासाठी पाटोडी (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा असतो. चांगल्या पाटोडीची खूण अशी की ती रश्श्यात विरघळत नाही, पण मोडल्यावर आतपर्यंत रस्सा मुरलेला दिसतो. कोरडी, पिठूळ पाटोडी म्हणजे ती ऐन वेळी रश्श्यात सोडलेली असते. सोबत ज्वारीची भाकरी मागावी, कारण पोळीने हे तिखट पेलत नाही. दुपारच्या एस.टी.ने परतायचे असेल, तर वरचा तवंग बाजूला काढायला सांगण्यात संकोच करू नये.

दर वाजवी आहेत, यूपीआय बहुतेक ठिकाणी चालते. गैरसोय मात्र एक मोठी आहे. अनेक लहान भोजनालयांत स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह नाही, आणि म्हणून उन्हाळ्यातही आई जेवताना पुरेसे पाणी पीत नाही. ज्या एका सावजीकडे ही सोय आहे, तेथे रस्सा किंचित पातळ असूनही, ती सोबत असली की आम्ही तेथेच जेवतो.