‘द गुड प्लेस’ की ‘अपलोड’?

मरणोत्तर जगावरच्या या दोन अमेरिकी विनोदी मालिकांपैकी एकीसाठीच वेळ असेल, तर आधी कलाटण्या पाहाव्यात. ‘द गुड प्लेस’च्या (२०१६ ते २०२०) पहिल्या पर्वाअखेरचा धक्का, जो येथे फोडत नाही, मागील सर्व भागांचा अर्थच बदलून टाकतो, २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘अपलोड’चा नायक नेथन याच्या मृत्यूचे रहस्य त्यामानाने सरधोपट वाटते.

नीतीच्या प्रश्नात मात्र चुरस आहे. पहिल्या मालिकेत पाप-पुण्याचा हिशेब गुणांनी मांडला जातो आणि साधा टोमॅटो घेणाराही कीटकनाशकांचा व मजुरांच्या शोषणाचा नकळत भागीदार ठरत असल्याने, चांगले वागूनही माणूस नापास का होतो, हा खरोखर अवघड पेच उभा राहतो. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक चिडी कधीकधी फार शिकवतो, हे खरे. ‘अपलोड’मध्ये मरणाऱ्याचे मन संगणकावर चढवून मिळणारा आभासी स्वर्ग कंपनीच्या मालकीचा असून गरिबांच्या वाट्याला महिन्याला दोनच गिगाबाइट डेटा मिळणारा तळमजला येतो, तेथे दोष व्यक्तीचा नसून बाजाराचा आहे.

दोन्हींची चार-चार पर्वे आहेत. ‘अपलोड’चे भाग कमी आहेत.

वाद घालत पाहणाऱ्यांनी ‘द गुड प्लेस’ निवडावी. प्रेमकथा आणि तंत्रज्ञानावरची बोचरी टीका हवी असणाऱ्यांना ‘अपलोड’ अधिक रुचेल.