अल्टरनेटर बदलायचाय, पण कपलर जुळत नाही: नाशिकमध्ये कोणता पर्याय घ्यावा?

बॅटरीचा लाल दिवा लागला, ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावून "चार्जिंग मारत नाही" असं सांगितलं, की बहुतेक जण लगेच नव्या अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, किंमत विचारायला लागतात. गाडी जरा जुनी असेल, किंवा तिची कंपनी भारतातून गाशा गुंडाळून गेलेली असेल, तर किमतीच्या आधी दुसरीच अडचण उभी राहते. मिळालेला अल्टरनेटर खाचेत बसतो, बोल्ट लागतात, बेल्टही चढतो, फक्त मागचा कपलर, म्हणजे बारीक तारा जोडायचा प्लास्टिकचा प्लग, जुळत नाही. मग दुकानदाराचं ठरलेलं वाक्य येतं, "साहेब, सॉकेटच वेगळं आहे, जोड मारून देतो."

या वाक्याला हो म्हणायचं की नाही, हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो: नाशिकमध्ये दहापैकी सात-आठ वेळा जुनाच अल्टरनेटर दुरुस्त करून घेणं शहाणपणाचं ठरतं, आणि त्याचं कारण पैशांपेक्षा कपलर हेच आहे.

गाडी एकच असली तरी कपलर वेगळा का? गाडीची कंपनी अल्टरनेटर स्वतः बनवत नाही. तो लुकास टीव्हीएस, डेन्सो, व्हॅलिओ, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, किंवा पूर्वी बॉश आणि आता एसईजी नावाने ओळखला जाणारा उद्योग, यांच्याकडून येतो. एकच मॉडेल भारतात एका पुरवठादाराचा अल्टरनेटर घेऊन उतरतं, युरोपात दुसऱ्याचा, आखाती देशांत तिसऱ्याचा. आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन. ते स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, पुंटोमध्ये होतं, शेव्हरोलेच्या ‘सेल’ या गाडीतही होतं. इंजिन एकच म्हणून एकीचा अल्टरनेटर दुसरीला डोळे झाकून चालेल असं धरलं, की घोटाळा सुरू होतो. शेव्हरोलेने भारतातली विक्री 2017 मध्ये थांबवली, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं. या गाड्यांच्या मालकांना परदेशी बाजारासाठी बनलेला अल्टरनेटर ऑनलाइन दिसतो, स्वस्तही दिसतो, आणि मोह होतो.

कपलरच्या आकारापेक्षा त्यातल्या तारा काय काम करतात हे महत्त्वाचं. जाड तार, म्हणजे बी प्लस, सगळीकडे सारखीच. ती नटाने आवळलेली असते आणि बॅटरीला जाते. घोळ बारीक तारांचा. एल म्हणजे डॅशबोर्डच्या दिव्याची तार. साध्या अल्टरनेटरमध्ये याच दिव्यातून येणाऱ्या किंचित करंटने रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, सुरुवातीची चेतना मिळते. इथे कोणी दिवा मधे न ठेवता थेट बारा व्होल्ट दिले, तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग, आतून उडतो. आयजी ही चावीवरची तार. ती चुकून कायमच्या प्लसला जोडली, तर गाडी उभी असताना बॅटरी उतरते आणि सकाळी सेल्फ फिरत नाही. एस ही बॅटरीचा खरा व्होल्टेज वाचणारी तार. ती मोकळी सोडली तर काही रेग्युलेटर निभावून नेतात, काही जास्त चार्जिंग करून बॅटरी उकळवतात.

इथपर्यंतचा प्रकार जुळवता येतो. पुढचा येत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणकच अल्टरनेटरला किती व्होल्ट दे ते सांगतो. फोर्डच्या स्मार्ट चार्ज पद्धतीत एक तार हुकूम आणते, एक परत खबर नेते, एक बॅटरी वाचते. हुकूम पोचलाच नाही, तर अल्टरनेटर साधारण 13.5 व्होल्टवर अडकून राहतो. मीटरवर चार्जिंग दिसतं, दिवा मात्र जळत राहतो, आणि "दिव्याकडे लक्ष देऊ नका" असा सल्ला मिळतो. लिन नावाच्या एकाच तारेवर संभाषण चालणारे अल्टरनेटर त्याहून हट्टी असतात. त्यांचा कपलर जुळला तरी भाषा जुळेल याची खात्री नाही, आणि त्या तारेवर टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे संगणकाशी खेळ.

जुनाच दुरुस्त करणं

अल्टरनेटर "गेला" म्हणजे क्वचितच सगळा जातो. कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजतात, रेग्युलेटर जातो, डायोड प्लेटमधला एखादा डायोड उडतो, बेअरिंग आवाज करू लागतं. हे चारही बदलता येतात आणि यात कपलरला हात लागत नाही. द्वारका, मुंबई नाका या भागांतल्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्यांना हे रोजचं काम आहे. अल्टरनेटर काढून आणून टेबलावर उघडतात, कार्बन ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर खाच पडली आहे का बघतात, रोटरचा रोध मोजतात. हे काम तुमच्यासमोर होत असेल तर थांबून बघाच. काय बदललं आणि काय नुसतं पुसून परत बसवलं, ते कळतं.

दुरुस्तीची हद्द स्टेटरवर, म्हणजे बाहेरच्या स्थिर वायंडिंगवर, येते. वायंडिंग काळं पडलं असेल, करपल्याचा वास येत असेल, तर जुन्या पद्धतीच्या गोल तारेचा स्टेटर पुन्हा भरून घेता येतो. रिवाइंडिंग करणारे हात अंबड-सातपूर पट्ट्यात मुबलक आहेत. पण डेन्सोच्या नव्या अल्टरनेटरमध्ये गोल तारेऐवजी चपट्या तांब्याच्या सळ्या वळवून, टोकं वेल्ड केलेली असतात. ते हाताने भरायच्या भानगडीत कोणी पडू नये. तिथे अख्खा स्टेटर, नाहीतर अख्खा अल्टरनेटर.

पैशांच्या बाजूने दुरुस्ती सहसा चार आकड्यांत आटोपते. दुबळी बाजू सुट्या भागांची. ड्युप्लिकेट रेग्युलेटर पावसाळ्याआधीच मान टाकतो. खोकं बघा, भागावरचा नंबर जुन्या भागाशी ताडून बघा, आणि जुना भाग परत मागा.

कंपनीच्या नंबरप्रमाणे नवा

कपलरची कटकट नाही, वॉरंटी आहे, बिल बऱ्याचदा पाच आकड्यांत जातं. यात लिहिण्यासारखं फार नाही. एकच सांगतो: सर्व्हिस सेंटरला गाडीचं मॉडेल नव्हे तर चॅसी नंबर द्या. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना वेगळे अल्टरनेटर असू शकतात. चालू मॉडेलचं, किंवा बोलेरो-स्कॉर्पिओचं सामान नाशिकला मिळायला अडचण येत नाही, महिंद्राचा कारखानाच सातपूरला आहे. अडतात ते कंपनी गेलेल्या गाड्यांचे मालक. त्यांना "मागवून देतो, पण कधी येईल ते सांगता येत नाही" हे ऐकावं लागतं.

दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनलेला, कपलर बदलून

हा मार्ग पूर्ण वाईट नाही, पण त्यात तीन वाटा आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली वाट कोणी सांगत नाही आणि तीच सर्वांत चांगली. बहुतेक अल्टरनेटरमध्ये कपलर हा रेग्युलेटरच्याच प्लास्टिकमध्ये ओतलेला असतो. म्हणजे जुना आणि नवा अल्टरनेटर एकाच कंपनीच्या एकाच घराण्यातले असतील, तर जुन्याचा रेग्युलेटर नव्यावर बसण्याची बरीच शक्यता असते. मागचं कव्हर उघडा, दोन्ही शेजारी ठेवा, स्क्रूंच्या जागा आणि कार्बनची बैठक ताडून बघा. जुळलं, तर गाडीच्या वायरिंगला कात्री लावावी लागत नाही आणि गाडीच्या संगणकालाही ओळखीचाच रेग्युलेटर मिळतो. जुना रेग्युलेटरच बिघडला असेल तर अर्थातच याचा उपयोग नाही, पण मग अख्खा अल्टरनेटर तरी का बदलायचा?

दुसरी वाट अडॅप्टरची. एका बाजूला गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचा, मधे वीतभर तारा. मूळ वायरिंग शाबूत राहते आणि पुढे खरा अल्टरनेटर मिळाला की अडॅप्टर काढून टाकता येतो. अट एकच: दोन्हीकडच्या पिना अक्षरांवरून जुळवायच्या, जागेवरून किंवा तारांच्या रंगावरून नाही. दिसायला हुबेहूब असलेल्या तीन पिनांच्या कपलरमध्येही क्रम उलटा असू शकतो.

तिसरी वाट म्हणजे कपलर कापून, तारा पिळून, वर काळी टेप. आपल्याकडे हेच जास्त होतं. कोरड्या गावात ते काही काळ चालेलही. पण नाशिकच्या गाड्या त्र्यंबकला जातात, इगतपुरीला जातात, आणि इगतपुरीत शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. टेपखालचा जोड हिरवा पडतो आणि घाटात, वायपर, ब्लोअर, हेडलाइट सगळं चालू असताना दिवा लागतो. कापायचंच असेल तर जुन्या कपलरला दहा सेंटिमीटर तार ठेवून कापायला सांगा, जोड क्रिम्प करून त्यावर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवायला लावा. एवढं न करणाऱ्याला काम देऊ नका.

कपलरचा प्रश्न सुटला तरी बाकी गोष्टी आहेतच. पुलीच्या खाचा मोजा आणि ती बेल्टच्या रेषेत येते का बघा. जुन्यावर फ्री-व्हील (एकाच दिशेने पकडणारी) पुली असेल तर साध्या पुलीने बेल्ट थरथरतो. अँपिअर कमी नकोत, आणि फार वाढवले तर जाड केबल आणि तिचा फ्यूज त्या भाराचे आहेत का तेही बघावं लागतं. बोलेरो, सुमो यांसारख्या जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. पंप नसलेला परका अल्टरनेटर तिथे लावायचा विचारही करू नका, ब्रेक दगडासारखा लागेल.

राहता राहिला स्क्रॅपचा माल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तुमच्याच मॉडेलचा, मूळ कपलरसकट अल्टरनेटर मिळू शकतो, आणि कंपनी गेलेल्या गाडीसाठी तो परक्या नव्यापेक्षा मला बरा वाटतो. मात्र तो आणल्या आणल्या बसवू नका. आधी उघडून बेअरिंग आणि कार्बन बदलून घ्या, तो खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा.

तर निवड अशी लागते. स्टेटर-रोटर शाबूत असतील तर दुरुस्ती. करपले असतील आणि भाग मिळत असेल तर नंबरप्रमाणे नवा. मिळत नसेल तर त्याच मॉडेलचा स्क्रॅपमधला. दुसऱ्या बाजारातला शेवटी, आणि तोही फक्त एल, आयजी, एस अशा साध्या तारांच्या गाडीला, किंवा जुना रेग्युलेटर त्यावर बसत असेल तर. संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या गाडीला जोड मारून परका अल्टरनेटर लावू नये.

काहीही निवडलं तरी काम सुरू करताना बॅटरीची मायनस आधी काढायची. जाड तार कायम जिवंत असते, पाना बॉडीला टेकला की ठिणगी. बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी मीटर लावून घ्या. इंजिन चालू, काही न लावता बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट. हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावून तेरा-सव्वातेराच्या खाली घसरायला नको. अल्टरनेटरचा बी प्लस आणि बॅटरीचा प्लस यांच्यातला फरक 0.3 व्होल्टहून जास्त असेल तर केबल किंवा जोड खराब आहे. संगणकवाल्या गाडीत व्होल्टेज आपसूक वरखाली होतं, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका, दिवा विझला का आणि स्कॅनरवर कोड येतो का ते बघा. मग चावी काढून, दारं लावून, गाडी झोपू द्या, म्हणजे तिचे संगणक शांत होईपर्यंत थांबा, आणि बॅटरीतून जाणारा करंट मोजा. 50 मिलीअँपिअरच्या वर असेल तर आयजीची तार चुकली आहे का, डायोड गळतो आहे का, ते शोधायला लावा.

दुकानदार जुना अल्टरनेटर बदल्यात ठेवून घेतो आणि थोडे पैसे कमी करतो. हे सगळे आकडे जुळेपर्यंत तो देऊ नका. तुमच्या गाडीला जुळणारा कपलर आणि रेग्युलेटर अजून त्याच्यावरच आहे.