टियागो ईव्हीतून सिमेंट आणि फरशी: पसरणी घाटातील वापरानंतरचा अनुभव

पाचगणीजवळच्या जुन्या घराची दुरुस्ती काढल्यापासून, गेले काही महिने, वाईहून लागणारे बरेचसे बांधकाम साहित्य मी टाटा टियागो ईव्ही या छोट्या इलेक्ट्रिक गाडीतूनच वर नेत आहे. गाडी २४ किलोवॅट-तास बॅटरीची आहे. एवढ्याशा गाडीला घाटात हे ओझे झेपते का, असे अनेकांनी विचारले. मोटरपुरते उत्तर सरळ आहे: झेपते, आणि सहज झेपते. अडचण येते ती मोटरमुळे नव्हे, तर ओझे गाडीत कुठे आणि कसे ठेवले आहे यामुळे.

आधी बॅटरीचा हिशोब. वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा रस्ता साधारण १२ किलोमीटरचा असून चढ ५५० मीटरहून अधिक आहे. रिकामी गाडी आणि चालक वर चढवण्यातच दोन-अडीच युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) वीज खर्च होते. त्यात ५० किलोची पाच पोती, म्हणजे २५० किलो, भर घातली, तर वाटेत वाया जाणारी वीज धरूनही जादा खर्च जेमतेम अर्ध्या युनिटाचा होतो. घरगुती वीजदराने ही रक्कम टपरीवरच्या एका चहाइतकीही भरत नाही. कंपनीने २०२२ साली जाहीर केलेला, एका चार्जमधला ३१५ किलोमीटरचा पल्ला चाचणीतला आहे आणि घाटात तो कोणीच धरू नये. पण पल्ला खाणारी गोष्ट मुख्यतः चढ आणि वेग ही आहे, पोती नव्हेत. मोटरचा टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) पहिल्या क्षणापासून मिळत असल्याने वळणावर गाडी थांबली तरी पुन्हा उचलताना क्लच जाळत बसावे लागत नाही, हा पेट्रोल गाडीच्या तुलनेत मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

खरी काळजी मागच्या आसाची (अ‍ॅक्सलची) घ्यावी लागते. डिकीची जागा २४० लिटरच आहे आणि ती या आसाच्या मागे येते. तिथे जड माल रचला की गाडी मागे बसते, पुढचे टोक उचलले जाते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे त्या चाकांवरचा भार कमी होणे पावसाळ्यात विशेष जाणवते. आमच्या घराकडे वळणारा शेवटचा तुकडा तांबड्या मातीचा आणि चढाचा आहे. तिथे अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला की पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात. मिस्त्रींना पुढच्या आसनावर बसवले की हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि माल उतरवायला माणूसही आयता मिळतो.

म्हणून मी मागच्या आसनाची पाठ पाडून त्यावर जाड प्लायवूडचा तुकडा आणि वर ताडपत्री अंथरतो, आणि सिमेंटची पोती पुढच्या आसनांच्या पाठीला भिडतील इतकी पुढे, आडवी ठेवतो. फरशी चिकटवण्याच्या मसाल्याच्या २० किलोच्या पिशव्या पायाच्या जागेत नीट मावतात. दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड फरश्यांचे खोके २५ ते ३० किलोंचे असते. ते कधीही सपाट ठेवू नये. खोकी कडेवर उभी, एकमेकांना चिकटवून ठेवावीत आणि मोकळ्या फटीत गोणपाट ठासावे. दुकानातला हमाल घाईत ती आडवी रचू लागतो, तेव्हा त्याला थांबवण्याचा संकोच करू नये. दोरीने आवळणे तर अनिवार्यच आहे, कारण जोराचा ब्रेक लागल्यास चालक आणि फरशी यांच्यामध्ये आसनाच्या पाठीखेरीज काहीच नसते.

चालक धरून एकूण भार ३५० किलोच्या वर मी जाऊ देत नाही आणि निघण्यापूर्वी टायरमध्ये पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरून घेतो. ते आकडे चालकाच्या दारालगतच्या खांबावर असतात.

उतरताना गाडी बहुधा रिकामी असते, पण जुन्या न्हाणीघराचा राडारोडा गोण्यांत भरून खाली नेला तेव्हा रिजनचा, म्हणजे उतारावर मोटरच गाडीचा वेग रोखून वीज तयार करते त्या सोयीचा, खरा उपयोग कळला. सर्वांत वरच्या पातळीवर ठेवल्यास ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागतो आणि थोडीफार वीज बॅटरीत परतही येते. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज साठवायला जागाच नसते, रिजन मंदावते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. त्यामुळे वरच्या घरी मी चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवतो.

वाळू, खडी आणि सळया यांच्या वाटेला मी गेलो नाही. बारा मीटरची सळई या गाडीत नेण्याचा विचारही करू नये, आणि ओली क्रश सँड गोणीतून पाझरून गालिच्यात शिरली की निघता निघत नाही. त्यासाठी छोटा हत्ती (लहान टेम्पो) हाच बरा. एका फेरीत तो जे आणतो त्यासाठी मला आठवडा लागेल. सिमेंटची धूळ हा आणखी एक त्रास आहे. ताडपत्री असूनही ती आसनांच्या शिवणीत बसते, आणि ओल्या फडक्याने पुसण्याआधी ती व्हॅक्यूमने ओढून घ्यावी लागते.

गाडीतून पोती उतरताना पाहून शेजारचे एक गृहस्थ भाडे देऊन त्यांचीही फरशी आणून मागत होते. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असलेली ही खासगी गाडी आहे, तिच्यातून भाड्याने माल नेता येत नाही, हे त्यांना सांगून वाईच्या टेम्पोवाल्याचा नंबर दिला.