खचलेल्या पायवाटेवर विजेची गरम मॅट: एका हिवाळ्यानंतर

आधी तारे सांगते: जानेवारीपर्यंत पाचपैकी दोन, आता साडेतीन.

मॅट स्नो वितळवते, त्यात खोट नाही. पण जाहिरातीतली पायवाट सपाट असते. मिनेसोटातल्या आमच्या घरापुढची काँक्रीटची लादी चांगली दोनेक इंच खचली आहे. वितळलेलं पाणी मॅटच्या कडेने ओघळतं, त्या खळग्यात साचतं आणि रात्रीत गोठतं. मॅट कोरडी आणि तिच्याभोवती बर्फाची चौकट! पुण्याहून आलेल्या आईचा पाय नेमका त्या चौकटीवर पडायचा. जीव टांगणीला लागायचा. एवढे पैसे घेऊन याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही, याचा राग अजून गेलेला नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "कडेला मीठ टाका."

मीठ टाकायचं तर मॅट कशाला घ्यायची? आणि साधं मीठ १५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सियसच्या खाली जवळजवळ निकामी. कॅल्शियम क्लोराइड हा दुसरा क्षार बऱ्याच कडक थंडीत चालतो, पण महाग. मिठाने काँक्रीटचे पापुद्रे निघतात ते वेगळंच. शिवाय चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करतं, असं इथलं राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं. ते वाचल्यापासून माझा हात आखडतो.

त्यापेक्षा कोंबड्यांसाठी मिळणारी ग्रॅनाइटची कच घ्या. तिने बर्फ वितळत नाही, पण ती कितीही थंडीत पाय धरून ठेवते. मांजराच्या शौचासाठी मिळणारी वाळू टाकली तर तिचा मात्र चिखल होतो.

जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं तेव्हा मत बदललं. छपरावरचं पाणी पन्हळीच्या पाइपातून थेट त्या खळग्यात उतरत होतं. पाइपाला स्वस्तातला लांब जोड लावून तोंड हिरवळीकडे वळवलं. चौकट निम्म्याहून कमी झाली आणि मॅट पहिल्यांदा कामाची वाटली. म्हणून साडेतीन.

उरलेला दीड तारा वायरीचा. ती आखूड, आणि एक्स्टेंशन लावलं की वॉरंटी संपली.

तुमची लादी खचलेली असेल तर आधी पन्हळ बघा, मग कच आणा, मॅट सगळ्यात शेवटी. गोठलेली जमीन पूर्ण मोकळी झाली की लादीखाली फोम भरून ती उचलून घेणार आहोत. मॅट मागच्या दाराशी जाईल. तिथली फरशी सपाट आहे आणि प्लगही जवळ आहे.