जुन्या रेमिंग्टन ८७० चे सुटे भाग आणि सुधारणा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची पंप बंदूक (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची), रेमिंग्टन ८७०, वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढली, तेव्हा ती परभणीच्या घरी लोखंडी कपाटात गवसणीत पडून होती. हे मॉडेल १९५० साली बाजारात आले आणि त्याचे सुटे भाग जगभर मिळतात, हे मी वडिलांकडून अनेकदा ऐकले होते. ते खरेही आहे. मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राचे भागसुद्धा शस्त्राच्याच व्याख्येत येतात, त्यामुळे परदेशी दुकानातून एखादी आकडी घरपोच मागवावी हा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्यावा लागतो. भाग घ्यायचा तो परवानाधारक विक्रेत्याकडून, त्याच्या नोंदवहीत नोंद करून, आणि बसवायचा तोही परवाना असलेल्या कारागिराकडूनच. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचे पाय अशा कामासाठी सहज हैदराबादकडे वळतात. पण माझा परवाना महाराष्ट्रापुरता असल्याने मी बंदूक पुण्याला नेली.

बंदुकीच्या तक्रारी तीन होत्या. मॅगझिनमधले, म्हणजे नळीखालच्या काडतुसे साठवणाऱ्या नळकांड्यातले, शेवटचे काडतूस पुढे सरकत नसे, उडालेले टरफल कधीकधी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते तो भाग) अडकून राही, आणि तिसरी तक्रार सर्वांत वाईट, ती म्हणजे मधूनच एखादे काडतूस लिफ्टरच्या, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीच्या, खालून मागे घसरे आणि अख्खी बंदूक जाम होई.

पहिल्या तक्रारीचे कारण कारागिराने माझ्यासमोर मॅगझिनची टोपी आणि तिच्याखालची स्प्रिंग अडवणारी चकती काढताच कळले. अशा वेळी दाबलेली स्प्रिंग झेप घेऊन बाहेर यायला हवी, म्हणून त्यांनी मॅगझिनच्या तोंडावर अंगठा धरला होता. आमची स्प्रिंग मात्र जेमतेम वीतभर बाहेर आली आणि तिथेच लोंबकळली. मधल्या वेढ्यांवर तांबूस गंजाचा थर होता आणि बोटाने घासल्यावर त्याची पूड कागदावर पडत होती. नवी स्प्रिंग मी आधी दुसऱ्या एका दुकानातून ‘सगळ्यांना चालते’ या भरवशावर घेतली, आणि ती इतकी कडक निघाली की ज्या मॅगझिनमध्ये चार काडतुसे बसायला हवीत, तिथे चौथे आत जाईना. तो खर्च वाया गेला. अखेर विक्रीला आलेल्या एका निकामी ८७० मधली स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर (टरफल चेंबरमधून ओढून काढणारी आकडी) विक्रेत्याने रीतसर काढून दिले, आणि तेव्हापासून त्या दोन तक्रारी पुन्हा उद्भवल्या नाहीत. जुन्या ८७० चा एक्स्ट्रॅक्टर घडीव पोलादाचा असतो. तो झिजला तरी शक्यतो त्याच घडणीचा शोधावा, असे कारागिराचे ठाम मत होते आणि अनुभवाने ते मला पटले आहे.

तिसऱ्या तक्रारीवर मात्र मला बराच काळ चुकीचे उत्तर हवे होते. १९८० च्या दशकात कंपनीने लिफ्टरला मधोमध खाच पाडून लवचीक जीभ दिली, त्यामुळे खाली अडकलेले काडतूस पंप मागे ओढून मोकळे करता येते. आमची बंदूक त्याआधीची असल्याने तिचा लिफ्टर सलग पत्र्याचा आहे. ही सुधारणा करून घ्यायचीच या हट्टाने मी दोन महिने चौकशी करीत होतो. पण नुसता लिफ्टर बदलून भागत नाही, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) आणि त्याच्या खालचा सरकता तुकडाही त्याच जोडीचा लागतो, आणि असा संपूर्ण संच मला कुठेही मिळाला नाही. मग कारागिराने मला रिकाम्या डमी काडतुसांनी बंदूक भरायला सांगितली आणि दोष माझ्या हाताकडे दाखवला. काडतूस ढकलताना अंगठा पुरता आत जाऊन अडणीची, म्हणजे काडतूस मॅगझिनमध्ये रोखून धरणाऱ्या पट्टीची, ‘टक्’ ऐकू येईपर्यंत मी थांबत नव्हतो. ती अडणी ओलांडली नाही की काडतूस मागे सरकते. एका बाजूची अडणी थोडी सैल झाली होती, ती त्यांनी पक्की केली. उरलेले काम माझ्या अंगठ्याने केले. रेंजवर त्यानंतर उडवलेल्या काडतुसांत बंदूक एकदाही अडली नाही.

दस्त्यामागचे रबर दगडासारखे कडक होऊन भेगाळले होते. ते बदलणे हा संपूर्ण खटाटोपातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुखाचा बदल ठरला. माझे हात वडिलांपेक्षा आखूड असल्याने पातळ रबर घेऊन दस्त्याच्या कडेबरोबर घासून बसवले. आता बंदूक खांद्याला लागताना शर्टात अडकत नाही. नळी आखूड करून घे, हाताळायला सोपी पडेल, असा सल्ला गावातल्या दोघांनी दिला होता. त्यासाठीच्या वेगळ्या परवान्याशिवाय नळी कापणे हा गुन्हा आहे आणि तसा सल्ला कोणी ऐकू नये, हे मला इथे स्पष्ट लिहावेसे वाटते.

काडतुसे मी खडकीच्या कारखान्याची वापरतो. आमच्या नळीवर पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरच्या चेंबरचा शिक्का आहे. तीन इंची काडतूस आत शिरते म्हणून ते चालते असे मुळीच नाही, कारण ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या टरफलाची असते. जुन्या बंदुकीच्या प्रत्येक मालकाने नळीवरचा शिक्का भिंगाखाली वाचूनच पुढचे पाऊल टाकावे.

मधल्या काळात निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. परत मिळाली तेव्हा गवसणी ओलसर होती आणि नळीवर मोहरीएवढे गंजाचे ठिपके उमटले होते. तेलात भिजवलेल्या बारीक तारेच्या लोकरीने ते निघाले, पण निळसर झिलई तेवढ्या जागी गेली ती गेलीच. आता जमा करताना मी गवसणी घरीच ठेवतो, नळीला आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून बंदूक सुती कापडात गुंडाळतो आणि पावतीवर तिची स्थिती लिहून घेतो.

पंपाच्या लाकडी मुठीला एक उभी चीर आहे. मूळची मूठ अक्रोडाची असल्याने तिच्या जोडीचे लाकूड कारागीर शोधत आहेत, तोवर चिरेत सरस भरून काम चालू आहे.