कर्ज ‘सेटल’ करून देतो म्हणाले आणि १,६२,७५८ रुपये घेऊन गेले

‘एवढी शिकलेली असून फसलीस कशी?’ हे माझ्या वहिनीपासून पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांचं विचारून झालं आहे. पुन्हा कुणी विचारू नका. डोक्यावर हप्ते आहेत, घरात कमावणारं दुसरं माणूस नाही आणि अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा येतो, अशांसाठी हे लिहितेय.

कर्ज माझ्या नावावर, दुकान नवऱ्याचं. २०२३ च्या सुरुवातीला ३,५०,००० चं पर्सनल लोन काढलं, कारण पगाराची स्लिप माझ्याकडे होती. वर्षाच्या आत दुकान बसलं, मग तोही सोडून गेला. कोर्टाने ६,००० पोटगी लावली आहे, पण ती कागदावरच. मी एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर आहे, हातात २६,००० येतात. तेव्हा लोनचा हप्ता ९,९१९, घरभाडं ७,०००, क्रेडिट कार्डावर ६१,२०० थकलेले, मुलगी दहावीला, मुलगा पाचवीत. यात पुरवून दाखवा आणि मग मला अक्कल शिकवा.

सप्टेंबर २०२४ मध्ये कर्ज ‘सेटल’ करून देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात दिसली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: फॉर्म भरा, दहा मिनिटांत फोन, गोड आवाज, ‘वकिलांचं पॅनल’, अर्ध्या रकमेत कर्जमुक्ती. फोनवरची बाई चांगलं मराठी बोलायची. मला ताई म्हणायची, मुलीचे सराव परीक्षेचे मार्क विचारायची. त्या काळात माझ्याशी इतकं आपुलकीने बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही लिहून ठेवते. नोंदणी फी ४,९९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,८९८ रुपये ८२ पैसे. पावतीवर जीएसटी नंबर होता. जीएसटी नंबर खरा आहे का ते जीएसटीच्या पोर्टलवर फुकट कळतं. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, मी तुम्हाला सांगतेय.

अटी दोन. बँकेचा हप्ता थांबवायचा आणि बँकेशी बोलायचं नाही, ‘आमचे वकील बोलतील’. त्याऐवजी दर महिन्याला ८,५०० त्यांच्या ‘सेटलमेंट फंडात’. सप्टेंबर ते जानेवारी पाच महिने भरले, ४२,५००. ‘बँकेचा फोन उचलू नका’ असं जो सांगतो, त्याला तुमच्यापासून काहीतरी लपवायचं असतं. हप्ता थकला की व्याज चालू राहतं, वर दंडशुल्क, वर बाउन्सचे पैसे, आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकलेले दिवस मोजले जातात. यातलं एकही वाक्य त्या बाईच्या तोंडून आलं नाही.

आता ती संध्याकाळ. १६ फेब्रुवारी २०२५ ला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, बँकेच्या लेटरहेडवर. थकबाकी २,३४,०००, एकरकमी १,१२,००० भरल्यास खातं बंद, मुदत ४८ तास. खाली जांभळा शिक्का आणि सही. १६ फेब्रुवारी रविवार होता! रविवारी कुठली बँक पत्र काढते? लोन खात्याच्या नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे होते, बाकी फुल्या. पण शुक्रवारी, २१ तारखेला, मुलीचा दहावीचा पहिला पेपर होता, ती आतल्या खोलीत निबंध पाठ करत होती, आणि वसुलीवाल्याने पेपरच्या दिवशी दार वाजवलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मुदत ४८ तासांचीच का ठेवली असेल? परीक्षेची तारीख मीच त्या बाईला गप्पांत सांगितली होती.

सोमवारी आईच्या पाटल्या मोडल्या. सराफाने घट कापून १,१३,४०० खात्यात टाकले. यूपीआयला दिवसाची मर्यादा, म्हणून त्या दिवशी ९८,००० आणि मंगळवारी १४,०००. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी ‘एंटरप्रायझेस’चं. बँकेचं नाही. मी दिवसभर काउंटरवर पेशंटच्या नातेवाइकांना ओरडत असते, ‘काका, हॉस्पिटलचं नाव आलं का बघा, मगच पिन टाका.’ आणि माझा अंगठा पिनवर. थांबले होते हो, थांबले नाही असं नाही. फोन केला. ती म्हणाली, ‘ताई, ते आमचं एस्क्रो खातं आहे, बँकेला डायरेक्ट भरलं तर पूर्ण रक्कम धरतात.’ एस्क्रो म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायचं खातं, पण तेव्हा नुसता शब्द ऐकला आणि मी गप्प बसले. अवघड शब्द आला की आपण गप्प बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सेटलमेंटचे पैसे फक्त तुमच्या लोन खात्यात भरायचे असतात. बाकी कुठल्याही खात्यात नाही. शाखेत जाऊन, पत्र दाखवून, पावती घेऊन.

त्यानंतर एनओसीची, म्हणजे कर्ज फिटल्याच्या बँकेच्या पत्राची, ‘प्रोसेसिंग फी’ २,३६०. एनओसी आली, तीही पीडीएफ. मी पेढे आणले होते.

मे महिन्यात बँकेची लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर मध्यस्थापुढे वाद नेण्याची, नोटीस आली. मागणी २,७३,४१६. कार्डाचे ६१,२०० तोवर ९४,७५० झाले होते. शाखेतल्या साहेबांनी माझी एनओसी एका नजरेत बाजूला सरकवली, ‘मॅडम, हे आमचं नाही.’ त्या बाईचा नंबर बंद. नोंदणी फी, फंड, ‘सेटलमेंट’, एनओसी, सगळं मिळून १,६२,७५८ रुपये ८२ पैसे.

मग सुरू झाली खरी वरात. पोलीस ठाण्यात म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत. बनावट लेटरहेड आणि बनावट शिक्का दिवाणी कधीपासून झाला? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते मी मोबाइलवर काढून दाखवलं, तर साहेब म्हणाले, ‘मिस्टरांना घेऊन या.’ मिस्टर असते तर मी इथे असते का? तिथून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, आधी ऑनलाइन तक्रार टाका. ऑनलाइन टाकली, तर पुढचं ठाण्यात विचारा. ठाण्यातला माणूस बदलीवर गेलेला, नव्याला फाइल सापडेना. दरवेळी अर्ध्या दिवसाची रजा, म्हणजे पगारात कात्री. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेने सांगितलं, खातेदाराची माहिती पोलिसांनी मागितली तरच देऊ. पोलीस म्हणतात, बँकेने दिली तर बघू. मी मध्ये, हातात झेरॉक्सचं बाड. एक जण तर म्हणाला, ‘यात रक्कम लहान आहे मॅडम.’ लहान! माझा सहा महिन्यांहून जास्त पगार.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचंही समजून घ्या, म्हणजे माझ्यासारखी आशा लावून बसणार नाही. तो फक्त बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) अशा रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी घेतो. असल्या सेटलमेंट कंपन्या त्यात बसत नाहीत. पण बँकेच्या वसुलीवाल्यांचा जाच असेल तर नक्की जा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची त्यांना मनाई आहे. माझ्याकडे एक जण रात्री नऊला आला होता, मुलाने दार उघडलं. आधी बँकेला लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग लोकपाल. फी नाही.

आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन करा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर ते वाटेत गोठवता येतात. मला तीन महिन्यांनी कळलं, तोवर ते कुठच्या कुठे पोचले होते.

उपयोगी पडलं ते एकच दार, आणि तिथे मी सगळ्यात शेवटी गेले, कारण वाटलं ते अगदीच गरिबांसाठी असतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. तिथल्या वकीलबाईंनी मला एकही प्रश्न ‘कशी फसलीस’ असा विचारला नाही. लवादाला उत्तर दिलं, बँकेला पत्र लिहिलं. दंडशुल्क सोडून २,६२,००० वर पाच वर्षांचं नवं वेळापत्रक, हप्ता ६,३७१. कार्डाची थकबाकीही हप्त्यांत बांधून घेतली, त्या कार्डाचे मी चार तुकडे केले. शाखेतले साहेब सहज बोलून गेले, ‘सप्टेंबरमध्येच आला असता तर ५,६९० मध्ये बसलं असतं.’ दरवाजावर ‘कर्जदारांनो, अडचण आली तर आत या’ अशी पाटी लावायला यांना काय होतं?

सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, कुठल्याही दलालाशिवाय. एनओसी हातात पडली की काही आठवड्यांनी तो काढा, खातं अजून थकीत दिसत असेल तर कागद खोटा असू शकतो. आणि खरी सेटलमेंट झाली तरी तिथे ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो, ‘क्लोज्ड’ नाही. ७५० सिबिल स्कोअरची हमी देणारा थापा मारतोय. मुलांपासूनही लपवू नका. मुलीला सांगितल्यावर तिने शांतपणे क्लासचा दुसरा हप्ता पुढे ढकलून घेतला, सरांशी स्वतः बोलून.

माझा अर्ज अजून ‘चौकशीवर’ आहे, गुन्हा नोंदलेला नाही. परवा मात्र एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे १,६२,७५८ रुपये सापडलेत, सोडवायला ३,१०० भरा.’ आकडा अगदी बरोबर. म्हणजे आमची यादी विकली गेली आहे. माझ्यानंतर ज्यांना गंडवलं त्यांनाही असे फोन येणार. मी म्हटलं, ते ३,१०० त्यातूनच कापून घ्या आणि उरलेले पाठवा. त्याने फोन ठेवला. नंबर आणि वेळ मी लिहून ठेवली आहे.